प्रसूतिगृहातल्या खुर्च्या

...राहू द्या, मावशी, हार काढू नका. फोटोवाला अजून चहाच पितोय. आणि फोन मांडीवरच ठेवा. मी बोलताना वाजला तरी चालेल, आज तुम्हाला मुभा आहे.

तर, सन्माननीय अध्यक्षीणबाई, प्रसूतिगृहाचे अधीक्षक डॉक्टरसाहेब, आमच्या सत्कारमूर्ती मावशी, आणि समोर जमलेल्या भगिनींनो, बंधूंनो,

मी मावशींची शेजारीण, आणि आमच्या बायकांच्या गटातली बोलघेवडी. मावशी शिवणकाम करतात. या सभागृहातल्या निम्म्या बायकांची मापं त्यांना तोंडपाठ आहेत, आणि ती त्या कुणाला सांगत नाहीत. उगाच का आपण त्यांना इतका मान देतो?

गटाची मागणी एकच होती. बाळंत होणाऱ्या बाईजवळ तिचं एक माणूस असू द्या. आई, बहीण, नवरा, कुणीही. साहेब तेव्हा म्हणाले, "बसायला जागा कुठे आहे?" रास्त प्रश्न होता. मावशी म्हणाल्या, "ते आम्ही बघतो." दारोदार फिरून आम्ही प्रत्येक खाटेला एक खुर्ची जमवली. साहेबांनी त्या आनंदाने स्वीकारल्या. फोटोही निघाला.

खुर्च्या आत गेल्या. माणसं बाहेरच राहिली.

मग कारण जंतुसंसर्गाचं निघालं. नंतर गर्दीचं. आता कारण विचारायला गेलं की चहा मिळतो. साहेब, चहा चांगला असतो, त्याबद्दल तक्रार नाही.

एकदा आमच्यातली एक चिडून म्हणाली, "खुर्च्या परत आणू या." मावशी म्हणाल्या, "अगं, मग पुन्हा विचारतील, बसायला जागा कुठे आहे." खुर्च्या तिथेच राहिल्या. परिचारिका त्यांवर स्वेटर ठेवतात.

आज सभागृहाच्या खुर्च्या मोडक्या निघाल्या. साहेबांनी तत्परतेने त्यांच्याकडच्या पाठवल्या. मंचावरच्या मान्यवरांनी पाठीमागची निळी खोळ पाहिली असेल. आपण खुर्च्या दिल्या तेव्हा ती मावशींनीच शिवली होती.

आणि रस्त्यापलीकडे, प्रसूतिगृहात, मावशींची मुलगी सकाळपासून कळा सोसते आहे. पहिलटकरीण आहे. मावशी दुपारपर्यंत दाराशी उभ्या होत्या. मी म्हटलं, "समारंभ पुढे ढकलू." तर म्हणाल्या, "ढकलून काय करू गं? तिथेही बाहेरच, इथेही बाहेरच. इथे निदान बसायला मिळेल."

साहेब, हे मी बोलायचं ठरवलं नव्हतं. एक फोन कराल का?

...साहेब म्हणताहेत, "आज यांना आत सोडलं, तर उद्या सगळ्यांना सोडावं लागेल." मागे ऐकू गेलं नसेल म्हणून सांगितलं. खरं आहे, साहेब. आमची मागणी तीच होती.

मावशी, बसा. बसा ना.

गुडघेदुखीमुळे मावशी आता गटाचं काम थांबवताहेत, म्हणून आजचा हा सत्कार. त्यांच्या जागी कोण, ते अजून ठरलेलं नाही. आपण सगळे आलात, आभारी आहे. खुर्च्यांबद्दल साहेबांचे वेगळे आभार. बोलताना माझा तोल गेला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खुर्च्या परत करायला गेलो. मावशींना नात झाली होती. मायलेकी सुखरूप होत्या. मावशींनी त्यांना अजून पाहिलं नव्हतं. दार अर्धं उघडलं. मावशींनी एकेक खुर्ची पदराने पुसून आत दिली. शेवटची गेली, आणि दार लागलं.