दोन्ही बाह्या डाव्या

(शिंप्याच्या घरातली पुढची खोली. टेबलावर निळं कापड. मास्तर आणि त्यांची बायको.)

बायको – किती वेळ खडू धरून उभे राहणार? कापड काय पळून चाललंय?

मास्तर – पोरीला सांग, तयार शर्ट घे म्हणावं.

बायको – मी नाही सांगत. नव्या नोकरीवर पहिल्या दिवशी तिला बापाच्या हातचाच हवाय.

मास्तर – आणि पुन्हा दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या म्हणजे?

बायको – एकदा निघाल्या हो!

मास्तर – चाळीस वर्षांच्या धंद्यात! एक बाही कापली की मापाचा कागद उलटून ठेवायचा, एवढंच. तेवढंही विसरलो. तेव्हाच ओळखलं, डोकं कामातून गेलं.

बायको – आणि कात्री ठेवलीत ती ठेवलीतच. सहा महिने भिंतीकडे तोंड. जेवा म्हटलं तर भूक नाही, अंघोळ म्हटलं तर उद्या. माझा जीव टांगणीला.

मास्तर – अंघोळ करून जायचं कुठं होतं?

बायको – डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? तुमच्या तोंडानं सांगा.

मास्तर – डोकं शाबूत आहे. मन खचलंय. मन खचलं की लक्ष लागत नाही, चुका होतात.

बायको – बघा, शब्द न् शब्द पाठ! गोळ्या घेऊन दोन महिने झाले. काल भाजीत मीठ कमी म्हणालात, तर इतकं बरं वाटलं की भांडायचंच राहिलं.

मास्तर – कमीच होतं.

बायको – होतं. आणि लग्नातला तुमचा कोट आठवतो? स्वतः शिवलेला?

मास्तर – त्याचं काय?

बायको – उजवी बाही वेगळ्या कापडाची होती.

मास्तर – ...रंग जवळजवळ सारखाच होता. तुला कुणी सांगितलं?

बायको – दिवसभर शेजारी उभी होते. मला डोळे नव्हते?

मास्तर – आणि इतकी वर्षं बोलली नाहीस!

बायको – पंचविशीतलं पोर, लग्नाच्या गडबडीत दोन्ही डाव्या कापून बसलं, कापड संपलं. तेव्हा नाही अंथरूण धरलंत ते.

मास्तर – तू पण ना... कात्री दे इकडे.

बायको – घ्या. मी बघत नाही.

मास्तर – बघ की. ही झाली एक. आता कागद उलटा. टोक धर, हलवू नकोस.

बायको – धरलंय.

मास्तर – झाली. ठेव शेजारी शेजारी.

बायको – एक डावी. एक उजवी.

मास्तर – पोरगी अंगाला लावून बघायला किती वाजता येतेय?

बायको – चारला.

मास्तर – मग पाणी तापव. गिऱ्हाईक यायच्या आत अंघोळ उरकतो.