लखूमामांची पाठ

मंडळी,

मला सभेत बोलायची सवय नाही. शाळेत चाळीस मुलींपुढे रोज बोलते, पण त्या बिचाऱ्यांना ऐकण्यावाचून इलाज नसतो. तुमचं तसं नाही. तुम्ही मघापासून माझ्याकडे बघताय, मग स्टुलावरच्या त्या चित्राकडे बघताय, आणि पुन्हा माझ्याकडे. काहींनी मान फिरवली. मला राग नाही. मी तुमच्या जागी असते तर कदाचित मीही फिरवली असती.

मी नलिनी. गिरगावात राहते, दादरला मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवते. लक्ष्मण घाडी, तुमचे लखूमामा, गेल्या गुरुवारी सकाळी इस्पितळात वारले. मला शनिवारी कळलं. भागीरथीमामी स्वतः शाळेत आल्या. शिपायानं त्यांना फाटकाशी उभं ठेवलं होतं. मला बघून आधी म्हणाल्या, "मामा गेले. बुधवारी चाळीत सभा आसा. तू ये नि ते खंयचा काम करीत होते ता सांग. माझ्यान बोलवणा नाय."

म्हणून आले. मामी, चुकलं तर थांबवा मला.

मामांचा फोटो नाही. आयुष्यात त्यांनी फोटो काढून घेतला नाही. मामींनी विचारलं, तुझ्याकडे असेल ना त्यांचं तोंड कुठल्या कागदावर? रविवारी मी ट्रंक उपसली. शंभरावर कागद निघाले. हात आहेत, पाय आहेत, खांदे आहेत, मान आहे. तोंड एकावरही नाही. आमच्या मास्तरांचा नियम होता, जो माणूस समोर बसेल त्याचा चेहरा काढायचा नाही. त्याला कुणी ओळखू नये, त्याला त्रास होऊ नये म्हणून. दोन वर्षं मी त्या माणसाला आठवड्यातून तीनदा बघत होते. आणि आज त्यांच्या सभेत लावायला माझ्याकडे त्यांची पाठ आहे. आज आणलेल्या कागदांतून मामींनीच ती निवडली.

आता कामाचं सांगते. सरळच सांगते.

गिरगावात एका छापखान्याच्या वर सबनीस मास्तरांचा वर्ग आहे. तिथं माणसाचं शरीर बघून काढायला शिकवतात. अंगावर कपडा नसलेलं शरीर. आम्ही त्याला लाइफचा वर्ग म्हणतो. तुमच्यातले काहीजण याला काय म्हणतात तेही माझ्या कानावर आलं आहे. मी वाद घालायला आले नाही. एवढंच विचारते, इथं लालबागेत गणपतीच्या कारखान्यात मूर्तिकार खांदा घडवतो, गुडघा घडवतो, तो कुठं शिकला असेल? माणूस बघूनच ना?

मामांची गिरणी सुटली ती दम्यानं. अठरा वर्षं साच्यावर कापड विणत उभे राहिले, मग श्वास पुरेना. कुठं हमाली मिळते का बघत ते त्या छापखान्यात आले. कागदाचा गठ्ठा उचलताना मास्तरांनी त्यांना जिन्यातून पाहिलं. वर बोलावलं. काय काम आहे ते न लपवता सांगितलं. मामा म्हणाले, घरी विचारून सांगतो. दुसऱ्या दिवशी आले ते धुतलेला पंचा घेऊनच.

वर्गात मी एकटी मुलगी. लाइफच्या वेळी मला आतल्या खोलीत प्लॅस्टरचे पुतळे काढायला बसवत. मामांच्या पहिल्या दिवशी मी बोर्ड उचलून आत निघाले, तर मामांनीच मास्तरांना विचारलं, "ही पोरगी खंय चालली?" मास्तर म्हणाले, तिला संकोच होईल, तुम्हालाही होईल. मामा माझ्याकडे वळले. तेव्हा कमरेला पंचा होता. म्हणाले, "उद्या तू डाक्तरीण झालंस तर काय डोळे मिटान तपासतलंस? बस गो बाय."

मी बसले. मंडळी, खरं सांगते, वर बघायची हिंमत होईना. वीस मिनिटं मी फक्त उभ्या मामांचा डावा पाय काढला. घोट्यापासून खाली. विश्रांती झाली तसे मामा पंचा गुंडाळून आले आणि माझ्या बोर्डाशी उभे राहिले.

"पाय बरो काढलंस. पण ह्या पायार भार खंय आसा?"

मला कळेना. तर ते तिथंच उभे राहून दाखवायला लागले. "बघ, अठरा वर्सां साच्यार उभो रवलंय मी. भार ह्या कडेक येता. हयसर टाच दबता. तुझो पाय बसलेल्या माणसाचो झालो."

मास्तर कोपऱ्यातून ऐकत होते. म्हणाले, "नलिनी, आज तुला मी काही शिकवायची गरज नाही."

त्यानंतर मला आतल्या खोलीत कुणी पाठवलं नाही. मी काय शिकले ते त्या माणसामुळे शिकले. त्यांनी ‘बस’ म्हटलं नसतं, तर मी आजही प्लॅस्टरच्या नाकांवर कोळसा घासत बसले असते.

एक गोष्ट मला सांगायचीच आहे, कारण ती माझ्याविरुद्ध आहे.

दम्याच्या माणसाला वीस-वीस मिनिटं हलायचं नाही. तुम्हाला त्यांचा खोकला ठाऊक आहे. भिंतीपलीकडून ऐकलेला आहे तुम्ही. तो माणूस वीस मिनिटं खोकला दाबून बसायचा. आमच्या रेषा बिघडू नयेत म्हणून. एकदा वेळ संपली, मास्तर बाहेर होते, आणि माझा खांदा अर्धा राहिला होता. मी म्हटलं, "मामा, अजून पाचच मिनिटं." मामा तसेच बसले. मी मान खाली घालून काढत राहिले. वर बघितलं तेव्हा त्यांच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. मग ते उठले आणि गॅलरीत जाऊन जे खोकायला लागले, ते थांबेचनात.

मास्तर आले. माझा कागद हातात घेतला. म्हणाले, "खांदा उत्तम आहे. पण समोर जिवंत माणूस आहे, पुतळा नव्हे, हे तू विसरलीस." मामा आत येऊन म्हणाले, "ओरडू नको तिका. मीच गप रवलंय."

मी माफी मागितली नाही. लाज वाटली, म्हणून मागितली नाही. असलं कसलं ते कारण!

आता या चित्राचं.

मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून मोर्चे निघत होते. तुमच्यातले कितीतरी त्यांत होते. मामाही होते. माझे वडील सरकारी कचेरीत कारकून. आमच्या घरात या मोर्च्यांविषयी दबक्या आवाजात बोलायचे. वडील म्हणायचे, भरल्या पोटी हे उद्योग सुचत नाहीत, आणि रिकाम्या पोटानं करू नयेत. मी ऐकून घेत असे.

संचारबंदी उठल्यावर तिसऱ्या दिवशी मामा वर्गावर आले. पंचा सोडला आणि पाठ केली. खांद्यापासून कमरेपर्यंत लाठ्यांचे वळ. जांभळे, काही ठिकाणी कातडं फाटलेलं. मास्तर म्हणाले, "लक्ष्मणराव, घरी जा. आठवड्यानं या." मामा म्हणाले, "घराकडे निजान काय करू? पाठीवर निजूक येणा नाय. बसतंय हयसरच."

आम्ही काढायला लागलो. मी मन लावून काढलं. कणा, फासळ्यांची सावली, मानेखालचा तो खळगा. सुंदर पाठ काढली मी. आणि वळ काढले नाहीत. का? चित्र बिघडेल असं वाटलं. आणि खरं सांगू? भीती वाटली. असं चित्र घरी नेलं तर वडील काय म्हणतील, त्यांच्या नोकरीचं काय होईल. हात आपोआप ते वळ टाळत गेला.

विश्रांतीत मामा आले. बोर्डावर वाकून बघितलं.

"ह्यो कोण?"

"तुम्हीच, मामा."

"नाय गो," ते म्हणाले. "ह्येका कोणी मारूक नाय."

रागावून नाही म्हणाले. हळूच म्हणाले, माझी समजूत काढल्यासारखे. मी तो कागद फाडला. नवा लावला. त्या दिवशी मामा कुणी न सांगता दिवेलागणीपर्यंत बसले. एकेक वळ मी जिथं होता तिथं काढला. तेच हे चित्र.

वर्षअखेर आमच्या वर्गाचं प्रदर्शन भरलं. हे चित्र लागलं. लोक थांबून बघत होते. माझं कौतुक झालं. आणि या चाळीतल्या कुणीतरी ते पाहिलं. तोंड नव्हतं, पण दंडावरचा तांब्याचा ताईत होता. तो मी काढला होता. आता खरं काढायचं ठरवलं होतं ना, मग ताईत कसा सोडणार? माझ्या ध्यानातच आलं नाही, मंडळी. चेहरा लपवायचा नियम मी पाळला आणि ताईत काढून माणूस उघडा पाडला.

पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पोरं काय ओरडायची. भजनात पखवाज वाजवणाऱ्या मामांना त्याला हात लावू नका असं कसं सांगितलं गेलं. भजनीबुवा, तुम्ही खाली बघू नका. मी तुमच्याकडे बोट दाखवत नाही. बोट दाखवायचंच तर आधी माझ्याकडे दाखवायला हवं.

मामा वर्गावर शेवटचे आले तेव्हा मी विचारलं, "का सोडताय?" म्हणाले, "खोकलो वाढलो गो. आता बसूक जमाचा नाय." खरं कारण, चाळीतले हे बोल, महिन्यानं मास्तरांकडून कळलं. ज्या माणसानं मला खोटं काढू दिलं नाही, तो माझ्यासाठी माझ्याशी खोटं बोलला.

मग मी इथं यायला हवं होतं की नको? चाळीत येऊन सांगायला हवं होतं, की हा माणूस आमचा शिक्षक होता. मी तीनदा आले. तीनदा नाक्यावरच्या पानवाल्यापर्यंत आले आणि परत फिरले. ‘हीच ती, नागड्या माणसाची चित्रं काढणारी’ असं कुणी म्हणेल, याची भीती. ज्या बोलण्याची मला नाक्यावर भीती वाटत होती, ते मामा रोज जिना चढताना ऐकत होते. दोन वर्षं ऐकत होते. आज मी या चाळीचा जिना पहिल्यांदा चढले. आणि आज वर मामा नाहीत.

शनिवारी शाळेच्या फाटकाशी मी मामींना म्हटलं, "मामी, माझ्यामुळे झालं हे. मामांचं काम कळल्यावर तुम्हाला किती धक्का बसला असेल." मामी म्हणाल्या,

"माका कसलो धक्को? माका पयल्या दिवसापासून ठावक होता. माका इचारल्याशिवाय ते गेले काय? पंचो मीच धुवन देय."

मंडळी, ऐकलंत ना? तुम्ही दोन वर्षं मामींची कीव केलीत. नवऱ्यानं फसवलं, बिचारीला ठाऊक नव्हतं. मामी नळावर मुकाट ऐकत राहिल्या, कारण मामांनी सांगितलं होतं, तू मध्ये पडू नको, मग तुलाही बोल लागेल. मामींनी मला बोलावलं ते माझी चित्रं दाखवायला नाही. हे एक वाक्य तुम्हाला सांगायला. त्या म्हणाल्या, "माझ्या घोवान माका फसवूक नाय, तेवढां लोकांक सांग."

मी सांगितलं, मामी.

माझं बोलणं संपलं. मामा, तुमची माफी मागायला दोन वर्षं होती, आणि ती मी नाक्यावर उभं राहून घालवली. आता मागून ती तुमच्यापर्यंत पोचत नाही हे मला कळतं. तरी मागते.

मंडळी, आपण सारे उभे राहू या. मामी, तुम्ही बसा, तुम्ही उभं राहायचं नाही. आज आम्ही तुमच्यासमोर उभं राहायचं आहे.