गाडीतून काढलेल्या सामानाबाबत

नाव वरच्या पानावर लिहिल्याप्रमाणे. वय ४७ वर्षे. धंदा शिवणकाम, मुख्यतः तयार कपडे घट्ट-सैल करून देणे. राहणार पाण्याच्या टाकीमागील गल्ली, तळमजला, मागे पत्र्याची शेड.

मी स्वतः ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी व माझे पती असे दोघेच राहतो. पती लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत कामाला आहेत. शेडमध्ये उभी असलेली चार दारांची पांढरी गाडी माझ्या सासऱ्यांची होती. सासरे नोकरीत असताना टपालाची गाडी चालवीत. गेल्या हिवाळ्यात ते वारले. त्यानंतर गाडी माझे पती व माझी नणंद अशा दोघांच्या नावावर झाली. नणंद दुसऱ्या शहरात असते व तलावावर मुलांना पोहायला शिकवते. सासरे तिला चिमणी म्हणायचे, म्हणून आम्हीही म्हणतो. तिचे वय ४४ आहे. या प्रकरणातील तक्रारदार तीच आहे.

सासऱ्यांची नजर शेवटी अधू झाली होती. तेव्हा गाडी माझे पती चालवायचे आणि सासरे शेजारच्या सीटवर बसायचे. समोरून काही आले की ते उजवा पाय खाली दाबायचे. त्यांच्या बाजूला ब्रेक नव्हता, पण हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. "तू जरा उशिराच दाबतोस," असे ते पतींना म्हणत. पती "हो बाबा" म्हणत.

सासरे गेल्यापासून पतींचे बोलणे कमी झाले. मीठ दे, दिवा घालवू का, इतपतच. चिमणीचा फोन आला तरी "बरं आहे ना?", "बरं आहे," एवढ्यावर दोघांचे भागायचे. भांडण नव्हते. दोघांनाही पुढचे वाक्य सापडत नव्हते, इतकेच मला सांगता येईल.

पतींच्या एका मित्राची बंद पडलेल्या गाड्या ओढून नेण्याची क्रेन आहे. तो एका रविवारी त्यांना गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर घेऊन गेला. तेथे विमाने आता उतरत नाहीत. रीतसर परवानगी घेऊन चारशे मीटर सरळ रेषेत गाड्यांच्या शर्यती होतात. दोन गाड्या शेजारी उभ्या करतात, खांबावरचे पिवळे दिवे लागतात, हिरवा लागला की सुटायचे. वळण नाही, काही नाही. रोजच्या वापरातल्या गाड्यांचाही एक गट असतो. पती त्या दिवशी घरी आले ते हातपाय न धुताच बोलायला लागले. जेवताना घास हातात तसाच.

"अगं, लोक इंजिनावर केवढा खर्च करतात! पण हलकी गाडी लवकर सुटते. आमच्या लिफ्टचंही तेच असतं. मोटर मोठी करायला ऐपत लागते, वजन उतरवायला नुसता पाना लागतो."

मी म्हणाले, "मग उतरवा की." हे शब्द माझे आहेत. गुन्हा ठरत असेल तर मलाही त्यात धरावे.

त्यानंतर पती कामावरून आल्यावर शेडमध्ये जाऊ लागले. आधी जादा चाक व जॅक काढला. मग मागची सीट, मागच्या दारांची आतली आवरणे, स्पीकर, डिकीची चटई. जमिनीच्या पत्र्याला आवाज दाबण्यासाठी डांबरासारखा थर चिकटवलेला असतो. तो त्यांनी छिन्नीने खरवडून काढला. तो घरात दोन बादल्या भरून आहे, कारण टाकून देऊ का विचारल्यावर पती म्हणाले, "तोही गाडीचाच आहे." ब्रेक, सीटचे पट्टे, दिवे यांना त्यांनी हात लावलेला नाही. अशा स्थितीत गाडी रस्त्यावर चालवली का, असे विचारले असता सांगते की, नाही. धावपट्टीवर ती मित्राच्या क्रेनवर चढवून नेतात.

काढलेली प्रत्येक वस्तू पती सामान तोलायच्या हुकवाल्या काट्यावर टांगायचे आणि जे वजन येईल ते माझ्या शिवणाच्या खडूने त्याच वस्तूवर लिहायचे. माझे चार खडू त्यात संपले. मी हाक मारली की शेडमधून उत्तर यायचे, "थांब, अजून अर्धा किलो सापडलाय!" एखाद्या माणसाला रस्त्यात नाणे सापडावे तसे ते सांगायचे. मी शिलाई मशीनवर बसून ऐकायची. मला बरे वाटायचे.

एका संध्याकाळी शेडमधून आवाज येईनासा झाला म्हणून मी बघायला गेले. पतींनी पुढच्या बाजूचा गालिचा उचलला होता. सासऱ्यांच्या पायापाशी, उजव्या बाजूला, तो घासून आरपार गेला होता. भोकातून बोट जात होते. पती तो तुकडा हातात घेऊन उकिडवे बसले होते.  त्या दिवशी पुढे काम झाले नाही.

सासऱ्यांची सीट मात्र पतींनी काढली नाही. ती काढायला सगळ्यांत सोपी. चार बोल्ट आणि एक वायर. क्रेनवाला मित्र प्रत्येक रविवारी म्हणायचा, "अरे, डोंगर फोडलास आणि उंबरठ्याला का अडखळतोस?" पती म्हणायचे, "पुढच्या आठवड्यात." तो पुढचा आठवडा आला नाही. मीही आग्रह केला नाही.

घडल्या दिवसाबाबत सांगते की, चिमणी न कळवता आली. आम्ही दोघे घरी नव्हतो. मी एका गिऱ्हाइकाकडे मापे घ्यायला गेले होते. चिमणीकडे शेडची किल्ली आहे. तिने शेड उघडली, तर गाडी आतून सोललेली. भिंतीला दारांची आवरणे टेकवून ठेवलेली आणि प्रत्येकावर खडूने आकडा. तिचा समज झाला की या किमती आहेत. भाऊ वडिलांची गाडी तुकड्या-तुकड्याने विकतोय आणि तीही मातीमोलाने. तिने पतींना फोन लावला. पती तेव्हा एका लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेले होते, तेथे फोन लागत नाही. माझा फोन पिशवीच्या तळाशी होता. मग ती तशीच चालत या ठाण्यात आली. तिच्या जागी मी असते तर मीही आले असते.

संध्याकाळी हवालदार तिच्यासोबत घरी आले. पती नुकतेच चहा घेत होते. चिमणी दारातूनच म्हणाली, "दादा, मागची सीट कितीला गेली?"

पती म्हणाले, "सतरा."

"सतराला? बाबांच्या गाडीची सीट तू सतराला दिलीस?"

"दिली नाही गं. सतरा किलो. तू तिच्यावरच पाय ठेवून उभी आहेस."

हे खरे होते. मागची सीट आमच्या बाहेरच्या खोलीत दारालगतच्या भिंतीला लावून ठेवली आहे व गिऱ्हाइके तिच्यावर बसतात. चिमणी चप्पल काढायला तिच्यावरच पाय टेकून उभी होती. तिने पाय खाली घेतला.

त्यानंतर मी हवालदारांना पूर्ण घर दाखवले. स्पीकर स्वयंपाकघरात फळीवर. जादा चाक माझ्या मशीनखाली, मी त्यावर पाय ठेवते. दारांची आवरणे शेडमध्ये. डिकीची चटई पलंगाखाली. डांबराच्या बादल्या न्हाणीघराबाहेर. हवालदारांनी बादलीत वाकून पाहिले आणि हेही लिहायचे का, असे विचारले. पती म्हणाले, "लिहा. साडेअकरा किलो आहे." एकही वस्तू घराबाहेर गेलेली नव्हती.

चिमणी सगळीकडे आमच्या मागे फिरत होती. शेवटी म्हणाली, "विकलं नाहीस ते कळलं. पण मला सांगितलं का नाहीस?"

पती म्हणाले, "तू हसशील वाटलं. पन्नाशीला आलेला माणूस आणि शर्यत."

"मग हसले असते की! कितीतरी दिवसांत हसले नाहीये मी."

 यावर पती तिला शेडमध्ये घेऊन गेले. हवालदार व मी दारात थांबलो. पतींनी हत्यारांच्या पेटीतून गालिच्याचा तो तुकडा काढून तिच्या हातात दिला. तिने आधी ओळखला नाही. मग भोकातून बोट घातले आणि म्हणाली, "ब्रेक." दोघे गाडीच्या उघड्या पत्र्यावर पाय खाली सोडून बसले. काय बोलले ते मला ऐकू आले नाही, आणि आले असते तरी ते या जबाबाशी संबंधित नाही. हवालदारांनी तेवढ्या वेळात आमच्या नळाची गळती पाहिली व वायसर बदलायला सांगितले.

नंतर चिमणी सासऱ्यांच्या सीटवर जाऊन बसली. पाय त्याच जागी ठेवला. म्हणाली, "दादा, ही का ठेवलीस?"

"असू दे."

"किती वजन आहे हिचं?"

"तोलली नाही."

चिमणीने उजवा पाय खाली दाबून पाहिला. मग म्हणाली, "बाबा इथे बसलेले असतील ना, तर तू आयुष्यात चाळीसच्या वर जायचा नाहीस. पाना दे."

पतींना तेव्हा हसू फुटले. सासरे गेल्यापासून मी त्यांना असे हसताना पाहिले नव्हते, म्हणून हे मुद्दाम लिहून घ्यावे अशी विनंती करते. चार बोल्ट तिने स्वतः काढले. एक गंजलेला होता, त्यावर दोघांनी मिळून जोर लावला. ती सीट चिमणी आपल्या घरी नेणार आहे. त्यास आम्हा दोघांची संमती आहे.

नणंदेने तक्रार त्याच वेळी मागे का घेतली नाही, असे विचारले असता सांगते की, हवालदारांनी ठाण्यात येऊन जबाब द्या म्हणून सांगितले होते आणि मधे रविवार आला. रविवारी आम्ही तिघे व क्रेनवाला मित्र धावपट्टीवर होतो. शेजारच्या पट्टीत एका दंतवैद्याची लाल गाडी होती. आमची गाडी अर्ध्या गाडीच्या अंतराने हरली. परंतु वेळेची चिठ्ठी मिळाली तेव्हा ती या गाडीची आजवरची सर्वांत चांगली वेळ निघाली. पती गाडीतून उतरले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. वारा लागला, असे त्यांनी सांगितले. खिडक्या बंद होत्या.

मी त्यांना पाणी दिले. चिमणी मात्र चिठ्ठी हातात घेऊन कपाळाला आठ्या घालून उभी होती. म्हणाली, "दादा, गाडी हरली नाही, तू हरलास. हिरवा दिवा लागल्यावर तू विचार करतोस. माझी आठ वर्षांची पोरं शिट्टीला तुझ्याआधी पाण्यात असतात."

पती म्हणाले, "बोलायला काय जातंय? बसून बघ एकदा."

चिमणीने लगेच जवळच्या पंचांना विचारले, "अहो, चालवणाऱ्याचं वजन यात धरतात का?" पंच म्हणाले, "ताई, गाडी माणसासकटच पळते." त्यावर तिने पतींकडे वरपासून खालपर्यंत एकदा पाहिले. पतींनी पोट आत घेतले. क्रेनवाला मित्र तोंड फिरवून उभा राहिला. मी हसले, हे कबूल करते.

चिमणीला गाडी चालवायला सासऱ्यांनीच शिकवले आहे व तिच्याकडे रीतसर परवाना आहे. सध्या ती व माझे पती ठाण्याच्या बाहेरच्या बाकावर बसले असून, दिवा लागताना पाय कसा उचलायचा यावरून त्यांचे बोलणे चालू आहे. ते आवाज चढवून चालू असले तरी त्यात भांडण नाही. तसे कोणाला वाटल्यास ती आमच्या घरची पद्धत समजावी.

गाडीतील कोणतीही वस्तू चोरीस गेलेली नाही, विकलेली नाही. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. येत्या रविवारी गाडी चालवण्याची इच्छा माझ्या नणंदेने व्यक्त केली आहे.

हे सर्व मी सांगितले तसेच उतरवले आहे. लेखनिकांनी ते मोठ्याने वाचले, कारण बाहेरून इतका आवाज येत होता की हळू वाचलेले मला कळले नसते. वाचन संपताच माझ्या नणंदेने खिडकीतून डोके आत घालून हरकत घेतली की, "इच्छा व्यक्त केली" हे चूक आहे, ठरलेले आहे. दुसऱ्याच्या जबाबात बोलता येत नाही, असे तिला समजावण्यात आले. माझ्या पतींना विचारले असता त्यांनी बाकावरूनच हात जोडले. तेव्हा माझ्या सांगण्यावरून ते वाक्य खोडून तेथे "येत्या रविवारी गाडी तीच चालवणार आहे" असे लिहिले. खोडलेल्या जागी माझी सही आहे. बाकी सगळे बरोबर आहे.