भुजंगरावांचा तेलुगू तक्ता

हसू नका, पण मी तेलुगू शिकलो ती निव्वळ मत्सरापोटी. छप्पन साली हैदराबाद राज्याची भाषावार वाटणी झाली आणि आम्ही मराठी कारकून हैदराबादेतच राहिलो. शेजारच्या भुजंगरावांनी आयुष्य सुधारायच्या संकल्पांचा कलमवार तक्ता भिंतीवर लावला, तोही तेलुगूत! बायको मला रोज ऐकवायची, "त्यांच्याकडून शिका काहीतरी."

माझा नुसता जळफळाट. कोठीच्या पुस्तकबाजारातून तेलुगू बाराखडीचं पुस्तक आणलं, सहा महिने घोकलं आणि एक दिवस त्यांच्यासमोरच तक्ता खडाखडा वाचला.

भुजंगराव थक्क. "हौ का? मी तर एका तेलुगू मास्तरांकडून त्यांच्याच मनानं लिहून घेतला होता, मला कुठं वाचता येतंय! पहिलं कलम काय म्हणालात?"

"तेलुगू शिकणे."

घरी येऊन बायकोला मोठ्या ऐटीत हे सांगितलं, तर म्हणते, "बघा, त्यांच्या तक्त्यानं तुम्हीसुद्धा सुधारलात!"