आराखड्यात आलेलं घर

(अथेन्सच्या पश्चिमेला, डोंगरउतारावरची एक वस्ती. सन १९६६, उन्हाळ्यातली दुपार. अंगणात अर्गीरो आणि शेजारी सोतिरिस. अर्गीरोचा नवरा मिल्तोस गच्चीवर आहे, मुलगी फानी गिरणीत कामाला गेली आहे.)

अर्गीरो : चमचा तसाच पडलाय बशीत. माझ्या हातचा मुरांबा नको झाला का तुला, सोतिरी?

सोतिरिस : नको कशाला होईल? दात दुखतोय.

अर्गीरो : तो दात ईस्टरच्या आधीच काढलास. सोबत मीच आले होते. काय झालंय ते सांग.

सोतिरिस : मिल्तोस वर काय करतोय एवढ्या उन्हात?

अर्गीरो : सळ्यांना रंग लावतोय. घर बांधताना खांबांच्या सळ्या वर मोकळ्या सोडल्यात ना, फानीच्या मजल्यासाठी, त्यांना गंज चढायला नको. पुढच्या महिन्यात स्लॅब, मग लग्न. होणारा जावई तर आला की आधी मान वर करून सळ्या बघतो, मग मला नमस्कार करतो. बघू दे बापडा. हुंड्यात वरचा मजला द्यायचं कबूल केलंय, देणार.

सोतिरिस : मिल्तोसला म्हणावं, जरा थांब. रंग वाया जाईल.

अर्गीरो : वाया का जाईल?

सोतिरिस : सकाळी नगररचना कचेरीत गेलो होतो. आराखडा मंजूर झाला. आपली वस्ती शहरात आली, अर्गीरो. कायदेशीर.

अर्गीरो : आला? खरंच आला? मग हे मयताला आल्यासारखं तोंड का करून बसलायस? वस्तीतल्या प्रत्येक दारात जाऊन सांगायचं सोडून इथे बसलायस. अरे, आपण इथे आलो तेव्हा काय होतं? दगडाची खाण, बकऱ्या आणि वारा. पाणी गाढवावरून आणायचे मी. दिवसा पोलीस भिंती पाडायचे आणि रात्री तुम्ही दोघं परत रचायचात. छप्पर चढलं की पाडत नाहीत म्हणून तुझ्या बायकोच्या लग्नातला गालिचासुद्धा आढ्यावर टाकला होता. आठवतंय?

सोतिरिस : आठवतंय. तो गालिचा कौलं म्हणून खपवला मिल्तोसने.

अर्गीरो : आणि तो मेला हवालदार हसत हसत गेला. मग एका निवडणुकीला वीज आली, दुसरीला नळ. आता आराखडा. घराला परवानगी मिळणार, फानीचा मजला राजरोस बांधता येणार. अजून काय हवं माणसाला?

सोतिरिस : नकाशात रस्ता आहे.

अर्गीरो : मग? मागितलाच होता आपण. बस यायला पाहिजे ना. फानी गिरणीतून येते ती चिखल तुडवत.

सोतिरिस : रुंद रस्ता आहे. दोन बस शेजारून जातील एवढा. तो इथून जातो.

अर्गीरो : दारावरून?

सोतिरिस : दारावरून नाही. इथून. आपण बसलोय तिथून. अंगण, स्वयंपाकघर, दोन्ही खोल्या, सगळं रस्त्यात. लिंबाचं झाड तेवढं वाचतं, तेही पदपथावर.

अर्गीरो : थट्टा करतोयस.

सोतिरिस : असल्या गोष्टीची थट्टा करीन मी?

अर्गीरो : तू वस्तीच्या मंडळाचा अध्यक्ष. जाऊन सांग त्यांना, पुसा म्हणावं ती रेघ. शिसपेन्सिलीचीच असेल.

सोतिरिस : राजाची सही झालीये. छापून आलंय. मी तीन खिडक्यांवर हात जोडले. तिसऱ्या खिडकीवरचा म्हणाला, आजोबा, हरकत घ्यायची होती तर वेळेत घ्यायचीत. आणि हरकत कोण घेणार होतं? मीच वस्तीभर फिरून सांगत होतो, कुणी तोंड उघडू नका, उगाच काम लांबेल.

अर्गीरो : पण रस्ता खालच्या ओढ्याकडून जाणार होता. मोजणीचा इंजिनिअर आला तेव्हा हेच बोलणं झालं होतं.

सोतिरिस : झालं होतं.

अर्गीरो : मग वर कसा आला?

सोतिरिस : अर्गीरो, जाऊ दे.

अर्गीरो : जाऊ कसं देऊ? कसा आला वर?

सोतिरिस : तो पोरगेला इंजिनिअर विचारत होता, बस कुठे थांबली तर लोकांना सोयीचं. मिल्तोसने त्याला ऊझो पाजली, ऑक्टोपस भाजून घातला. मग त्याच्या हातातला तो मोजणीचा लालपांढरा दांडा घेतला आणि फाटकात येऊन उभा राहिला. म्हणाला, इथे धरा साहेब, माझी पोर बसमधून उतरली की थेट घरात. इंजिनिअरने दुर्बिणीतून बघितलं आणि लिहून घेतलं.

अर्गीरो : हे तुझ्यासमोर झालं?

सोतिरिस : मी त्याच्या शेजारी उभा होतो. मलाही बरंच वाटलं. आपल्याला वाटलं, रस्ता दारापर्यंत येतो आणि थांबतो. त्याला पुढेही जायचं असतं, हे कुणाच्या डोक्यात आलं?

अर्गीरो : आणि तुझं घर?

सोतिरिस : माझं राहतं.

अर्गीरो : नुसतं राहतं?

सोतिरिस : दर्शनी येतं. रस्त्याला लागून. एक बांधकामवाला आत्तापासून मागे लागलाय. म्हणतो जागा द्या, मी चार मजले उभे करतो, त्यातली दोन घरं तुमची. खाली शहरात अख्ख्या गल्ल्या अशाच उठल्या. अर्गीरो, त्यातलं एक मी फानीला देतो. बाप्तिस्म्याला तेल लावून हौदात मीच बुडवलंय तिला, धर्मबाप आहे मी तिचा. तुमच्या लग्नात डोक्यांवरचे मुकुट मी फिरवलेत.

अर्गीरो : आणि तुझ्या दोन पोरी काय हवेत राहणार? तुझी बायको विष देईल तुला, आणि मी तिला दोष देणार नाही.

सोतिरिस : मग मी काय करू? तूच सांग. मला खरंच काही सुचत नाहीये.

अर्गीरो : हळू बोल. उतरतोय तो.

मिल्तोस : कुंबारे, माझ्या पोरीच्या धर्मबापा, केव्हा आलास? हाक नाही मारायची? ये, वर चल, रंग बघ. बोट लावू नकोस फक्त.

सोतिरिस : बस जरा, मिल्तो.

मिल्तोस : बसतो काय, अर्धा डबा उरलाय. अर्गीरो, याला कॉफी नाही दिलीस? दोघं अशी का बघताय? फानी बरी आहे ना?

अर्गीरो : फानी बरी आहे. आराखडा आला.

मिल्तोस : आला? चला. आता त्या जावयाचं तोंड बंद.

अर्गीरो : रस्ता घरावरून जातो, मिल्तो.

मिल्तोस : कुणाच्या?

अर्गीरो : आपल्या.

मिल्तोस : घरावरून कसा जाईल? मी दांडा फाटकात धरला होता. घरात नाही.

सोतिरिस : तिथून सरळ वर, खाणीपर्यंत. वळण नाहीये मध्ये.

मिल्तोस : वळण घेता येतं की. गवंडी आहे मी, मला शिकवू नकोस. दोन हात इकडे सरकलं तर... नाही. इकडे तुझं घर.

सोतिरिस : मी उद्या परत जातो कचेरीत.

मिल्तोस : त्याने काय होणार?

सोतिरिस : काही नाही. पण जातो.

मिल्तोस : त्या इंजिनिअरला मी ऑक्टोपसचा चांगला भाग काढून दिला होता. तुला दिला नाही.

अर्गीरो : मिल्तो, सावलीत बस. तोंड बघ तुझं.

मिल्तोस : भरपाई देतील. तेवढ्या पैशात खाणीच्या पलीकडे जागा मिळेल. तिथे अजून स्वस्त विकतायत.

सोतिरिस : तिथे काही नाहीये. पाणी नाही, वीज नाही. आराखड्याच्या बाहेर आहे ते.

मिल्तोस : इथे तरी काय होतं? येईल तिथे. एखाद्या निवडणुकीला वीज येईल, मग पाणी येईल. शहर काय, चालतच राहतं वर.

अर्गीरो : शहर कधी येईल ते मला सांगू नकोस. माझं वय झालंय, मला परत गाढवामागे चालायचं नाही. आणि तो मुलगा खाणीपलीकडच्या खोपट्यासाठी थांबणार नाही, हे तुलाही माहीत आहे. संध्याकाळी पोर घरी येईल. तिला काय सांगायचं?

मिल्तोस : सोतिरी, तू घरी जा. तुझी बायको वाट बघत असेल.

अर्गीरो : मिल्तो, मी विचारतेय. फानीला काय सांगू?

मिल्तोस : आधी तिला जेवू दे.