बर्फातली किल्ली

नाही नाही, ते नाही, त्याच्या वरचं — कपाटाच्या आतल्या कप्प्याचं कुलूप उघडायचंय. कपाटाची किल्ली आहे माझ्याकडे, मी काही हरवणारा माणूस नाही. कप्प्याची तेवढी नाही. म्हणजे आहे, पण आमच्या हिच्याकडे, आणि ही सकाळी गेली बहिणीकडे — संध्याकाळपर्यंत येईल, बॅग मोठी होती तशी, पण हिची बॅग मोठीच असते — ती यायच्या आत उघडून झालं पाहिजे. असं बघू नका अहो, घर माझंच आहे. दारावरची पाटी वाचून या हवं तर. स्टूल घ्या ते, एक पाय डुगडुगतो, जपून. दुरुस्तीची तरतूद नाही यंदा.

आत काय आहे? पाकीट आहे. एकच. त्यावर लिहिलंय ‘अचानक’. त्याचं काय झालं — मी निवृत्त झालो आणि घरखर्चाच्या नियोजनाच्या शिबिराला गेलो, तीन दिवसांच्या. तुम्ही गेलायत कधी? जा. डोळे उघडतात. सहा पाकिटं करायची, किराणा, वीज, औषधं असं करत करत शेवटचं ‘अचानक’, आणि त्याला हात लावायचा नाही. हात लावायचा मोह झाला की मध्ये काहीतरी अडचण उभी करायची, असं सांगितलं होतं सरांनी. मी काय केलं असेल? किल्ली वाडग्यात टाकली, वर पाणी ओतलं आणि वाडगं फ्रीजमध्ये, बर्फाच्या खणात. चार तास लागतात वितळायला. तेवढ्यात माणसाचं डोकं थंड होतं. हसू नका, शिबिरात टाळ्या पडल्या होत्या याला. शिवाय अर्ज भरायचा, तीन प्रतींत. मग समितीची बैठक. समिती म्हणजे आम्ही दोघं. ही म्हणाली, दोघांत बहुमत कसं व्हायचं? म्हटलं, अध्यक्षाला जादा मत असतं. अध्यक्ष — हो, मीच, दुसरं कोण आहे घरात.

ती तार इतकी वाकडी असते होय? बरं बरं, चालू द्या तुमचं.

तर झालं काय, हिची दाढ दुखायला लागली. उजवी, खालची. अर्ज केला तिने, अक्षर छान आहे हिचं, मी फेटाळला. का? अहो, दाढ अचानक दुखत नाही, ती आधी ठणकते, मग कळ येते, म्हणजे पूर्वसूचना असते. अचानक या व्याख्येत बसत नाही. दुसरा अर्ज आला, त्यावर तारीख नव्हती. तिसऱ्यावर सही रेघेच्या खाली. चौथा — चौथ्याला मी कारण काय दिलं ते आठवत नाही, पण दिलं. पाचव्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात आलो तर ही खुर्चीत बसलेली, गाल हा एवढा सुजलेला, आणि गालाला ते बर्फाचं वाडगं लावलेलं. किल्लीसकट. म्हटलं, अर्ज मंजूर नसताना साहित्य बाहेर कसं? तर म्हणाली, शेक घेतेय, अहो, शेकाला तरी अर्ज नको ना. मी विचार केला, खर्च काहीच नाही, घेऊ दे. आणि जरा लवंडलो. उठलो ते रात्रीच, तर वाडगं परत खणात, बर्फ घट्ट, आणि दाढ दुखायची राहिलेली. बघा म्हणजे. नियोजन असं असतं. त्यानंतर आठ दिवस कुरकुर नाही की काही नाही. बोललीच नाही फारशी. इतकी शांतता या घरात कधी नव्हती.

मग आज कशाला उघडायचंय? बरोबर विचारलंत. हे ठेवायचंय आत. मोजू नका, मोजलेत मी. घड्याळ विकलं काल, निरोप समारंभाचं. कारण पाकिटात — तुम्ही बाहेरचे आहात म्हणून सांगतो — पाकिटात काही नाही. शिबिराचा पुढचा टप्पा होता, प्रगत, आणि फी नेमकी तेवढीच. नेमकी, अहो, एक रुपया इकडे नाही की तिकडे नाही, मला तो संकेतच वाटला. बैठक घ्यायची राहून गेली तेवढी. आता रिकाम्या पाकिटातून दाढ कशी काढणार, तुम्हीच सांगा. मग मी अर्ज वाचत बसलो. रोज वाचायचो, चुका शोधायचो, आणि आतल्या खोलीत ही कण्हायची ते ऐकू यायचं. लाज वाटत होती. आता ठेवतो आणि मोकळा होतो, म्हणून सकाळी ही गेल्यावर वाडग्यातला बर्फ फोडला, तर आत बटण. माझ्याच शर्टाचं. किल्ली नाहीच.

निघालं? कसब आहे हं तुमच्या हातात. सरका जरा.

जड कसं लागतंय हे पाकीट — अगदी जड नाही, पण आहे काहीतरी. कापूस आहे. कापसात... दाढ आहे. आणि अर्ज, तिन्ही प्रती. तारीख घातलीय, सही रेघेवर. आठ दिवसांपूर्वीची तारीख. कारण — दाढ. रक्कम — बहिणीने दिली. शिल्लक — सोबत जोडली आहे. म्हणजे मी लवंडलो तेव्हाच उघडलं हिने, बघितलं, आणि नंतर आठ दिवस मला जेवायला वाढत होती. खाली शेरा आहे. थांबा, चष्मा. ‘यापुढचा अर्ज तुम्ही करायचा. बहिणीच्या पत्त्यावर. मंजुरीला वेळ लागेल.’

नाही, कुलूप नका लावू परत. राहू दे उघडं. तुमचे किती झाले? घ्या यातलेच. पेन आहे का तुमच्याकडे? द्या, आणि या तुम्ही. या म्हटलं ना.