चिकरीचे लाडू

नाय नाय, ताई, त्या डब्याला हात नका लावू, तो निराळा हाय. हे इकडचे घ्या, गुळाचे. आणि आधी बसा तरी ओटीवर, ऊन बघा काय तापलंय — नम्रता नेरळला गेलीय नाचणी दळायला, येईलच स्कुटीवरून, तोवर मी हाय ना. मी सासू तिची, बायजा. काय म्हणलात? फायबरचेच पायजेत? आणि वर मलाच विचारताय, ते पोटाला वाईट असतं का म्हणून? बरं हाय तुमचं. खायचे तर हायेत आणि बाधायला नकोत. मोबाईलमध्ये वाचलंत म्हणता — काय लिवलंय त्यात? एक म्हणतो अमृत, दुसरा म्हणतो आतड्याची वाट. मंग? मोबाईलनं खाल्लेत का लाडू? नाय ना? मी खाल्लेत. मला विचारा.

तर ती फायबरची पावडर. पांढरीफेक असते, तांदळाच्या पिठासारखी, जिभेवर ठेवली की जराशी गोड. चिकरीच्या मुळाची — कॉफीत घालतात ना ती चिकरी, तिचंच मूळ, पण त्यातनं काढून साफ केलेलं. साखर नाय, गूळ नाय, तरी गोड, आणि अंगाला लागत नाय म्हणे. मी नम्रताला म्हणलं, गं, अंगाला लागत नाय तर खायचं कशाला? तर म्हणली, आई, लोक त्याच्यासाठीच खातात. घ्या आता. पण पोरगी हुशार. खोपोलीची, बी.कॉम. झालेली, माझ्या किरणची बायको — किरण पनवेलला असतो, गोदामात सुपरवायझर, येतो जातो, म्हंजे काम फार असतं, जमत नाय त्याला फारसं — तर तिनंच हे लाडवांचं काढलं. नाचणी, खजूर, बदाम, नि ही पावडर चिमूटभर. तुमच्यासारखे फार्महाऊसवाले यायचे, न्यायचे, परत यायचे. मी पण खायचे एखादा. काय झालं नाय मला. खोटं कशाला बोलू?

मंग कसं बिघडलं म्हणता? सांगते ना. तिची एक मैत्रीण हाय, अल्मास, कर्जतला कॉलेजात बरोबर होत्या दोघी. तिनं खालापूरकडं एका आश्रमात स्वयंपाकाचं काम घेतलेलं. तिथं मौन शिबिर भरतं. मौन शिबिर ठाऊक हाय ना? लोक मुंबईवरनं गाड्या घेऊन येतात नि पैसे भरून गप बसतात. आमच्या पोशीरात जावाजावा भांडल्या की वर्षवर्ष गप बसतात, फुकट. तर अल्मासनं शिबिरासाठी लाडू सांगितले. मोठी ऑर्डर. पण तिथल्या गुरुजींचा निरोप असा, की गूळ चालणार नाय, खजूर चालणार नाय, गोड म्हणून फक्त त्या पावडरीचंच. आता चिमूटभरानं कुटला लाडू गोड होतोय? मंग घातली तिनं. वाटीवाटीनं घातली. मी शेजारीच वळायला बसलेली, मला काय वाटलं नाय, तिलाही काय वाटलं नाय. पाकिटावर तर हसऱ्या बाईचं चित्र होतं.

टेंपोत डबे घालून आमी दोघी गेलो. सकाळच्याला लाडू ठेवले — आणि ताई, ते लोक काय तुटून पडले! त्यांचीही चूक नाय. आदल्या दिवसापासून उकडलेला दुधी नि बिनफोडणीची मुगाची डाळ, त्यात बोलायचंही नाय, म्हंजे तोंडाला कामच नाय कसलं. एकानं घेतला, दुसऱ्यानं घेतला, मंग परत फिरून आले. एक बाई तर ओढणीच्या पदरात बांधून घेऊन गेली. गुरुजींनी पण घेतले, डोळे मिटून खाल्ले, चांगले चारी ठाव जेवल्यासारखे. नम्रताचा चेहरा बघण्यासारखा झालेला. मला कोपरानं ढोसून म्हणते, आई बघा, आई बघा. मंग अल्मास म्हणली, आता आलाच हायात तर मागं बसून ध्यान पण बघून जा. बसलो. मोठा हॉल, फरशी गार, पंखासुद्धा बंद, का तर आवाज नको. टाचणी पडली तरी ऐकू येईल असं.

आणि गुरुजींनी सुरुवात काय केली सांगू? म्हणले, आत जे जे उठेल ते उठू द्या. धरून ठेवू नका. जाऊ द्या.

हसताय काय? मी खरं तेच सांगते. थोडा वेळ काय नाय. मंग कुटं तरी कोपऱ्यात एक बेडूक बोलला. लहानसा. कुणी हललं नाय. मंग पुढच्या रांगेत एक जाडगेले शेटजी होते, त्यांच्याकडनं लुगडं फाटल्यासारखा आवाज — पार ह्या काठापासून त्या काठापर्यंत. त्यांच्या बाजूची बाई डोळे मिटूनच हातभर लांब सरकली, आणि सरकताना तिचंच सुटलं. मंग काय विचारता! इकडनं तिकडनं, बारीक, जाड, काही नुसते गुडगुडणारे, वाजतंय-नाय वाजतंय असे, आणि लोकांचे चेहरे कसे, तर शांत, एकदम देवळातल्यासारखे, फक्त कपाळावर घाम. मी पदर तोंडात कोंबला. अल्मास खांबामागं जाऊन खाली बसली. गुरुजी आपले ताठ — पण त्यांचाही घसा वर-खाली व्हायला लागला, आणि एकाएकी ते उठले नि ध्यानाचा वेग जरा जास्तच झाल्यासारखे मागच्या दारानं गेले.

गुरुजी उठले म्हणताना सगळेच उठले. संडासापुढं ही रांग. आणि बोलायचं नाय! एकजण पुढच्याला हात जोडतोय, पुढचा मान हलवतोय, एक दारावर टकटक करतोय नि आतनं पण टकटक. त्यात एक डॉक्टरीणबाई होत्या, ठाण्याच्या, आणि त्या नेमक्या पोटाच्याच डॉक्टर. पोट धरून उभ्या होत्या. त्यांनीच पयलं मौन सोडलं. म्हणल्या, लाडवात चिकरीचं फायबर होतं का?

माझ्या पोरीनं काय केलं असतं? गप बसली असती तर खपून गेलं असतं, डाळीवर ढकलता आलं असतं. पण ती पुढं गेली आणि म्हणली, हो, होतं, मी घातलं, जास्त घातलं. डॉक्टरीणबाई ओरडल्या नायत हां. तिथंच रांगेत उभं राहून त्यांनी समजावलं. विष नाय म्हणल्या. हे आपल्याला पचतच नाय, तसंच खाली आतड्यात जातं, तिथं जे बारीक जंतू असतात त्यांचं ते खाणं, ते खातात नि वायू सोडतात. थोडं थोडं खाल्लं तर पोट सवय करून घेतं, कुणाकुणाला गुणही येतो. पण एकदम मूठमूठ खाल्लं तर कळ येणार, फुगणार, संडासला लागणार. आणि ज्याचं पोट मुळातच नाजूक, त्यानं लांबच राहिलेलं बरं. झालं. हेच तुमचं उत्तर, ताई. मोबाईलमधले दोघेही अर्धे खरे नि अर्धे खोटे.

पण गुरुजी काय डॉक्टरीणबाईसारखे नव्हते. बाहेर आले ते लाल होऊन आले. अल्मासला बोलले, आणि नम्रताला सगळ्यांच्या देखत म्हणले, घरात बसणाऱ्या बायकांनी घरापुरतंच करावं. स्वतःच हट्ट धरून पावडरीचेच करा म्हणून निरोप धाडलेला, तो विसरले. परत येताना अल्मास कर्जतपर्यंत आमच्याबरोबर आली, टेंपोत ती हसून हसून रडली, मी पण, मला तर धाप लागली. नम्रता नाय हसली. खिडकीबाहेर बघत राहिली. आणि तिकडं लोकांचे मोबाईल त्यांच्या हातात परत आले, तसं जो तो लिवायला लागला. लाडवांचा फोटो नि खाली काय काय. फार्महाऊसवाल्यांच्या गाड्या आमच्या दारावरनं जायच्या, पण थांबायच्या नाय.

तिनं चूल बंद केली. परात धुऊन पालथी घातली. आणि एका दुपारी बघते तर कपाट उघडं नि कॉटवर बॅग. कुटं गं, म्हणलं. म्हणली, खोपोलीला, आईकडं. मी म्हणलं, कधी येशील? तर हातातली साडी तशीच धरून म्हणली, आई, मी इथं आता कशाच्या नावावर राहू?

बरोबरच बोलली. नवऱ्याच्या नावावर म्हणावं, तर नवरा तिकडं पनवेलला दुसरीबरोबर — हां. बोलून गेले बघा. आता बोललेच तर ऐका. कसलं गोदाम नि कसलं काम. कामाला सुट्ट्या नसतात का? गेल्या गणपतीला पण नाय आला. त्यानं तिकडं घर केलंय, आणि हे अख्ख्या पोशीरला ठाऊक हाय, फक्त मी आल्यागेल्याला गोदाम सांगते. तेव्हाच ही गेली असती तर कुणी काय म्हणलं नसतं. पण तिनं लाडू काढले, आणि लाडवांच्या निमित्तानं राहिली. सकाळी उठून भाजायचं हाय, उद्या ऑर्डर हाय, परवा जाते, नंतर जाते. कुणाला सांगायला बरं ना, धंदा हाय म्हणून राहिले. आणि तो धंदाच गेला.

थांब म्हणायला मला तोंड नव्हतं. मुलगा माझाच. रडले असते तर तीही रडली असती नि गेली असती. समोर डबा होता, शिबिरातनं परत आलेला, तो त्या दिवशीच्या लाडवांनी अर्धा भरलेला. मी खाली बसले, डबा मांडीवर घेतला, नि खायला लागले. एक झाला, दुसरा झाला. ती आत बॅग भरत होती, मी बाहेर पोट भरत होते. हॉलात काय झालं ते ह्या डोळ्यांनी बघितलेलं ना मी, म्हंजे काय होणार ते मला चांगलं ठाऊक. तिची एसटी यायच्या आत व्हावं, एवढीच काळजी.

झालं की. अहो काय झालं! पोट कसं, तर ढोलावर कातडं ताणल्यासारखं. कळ अशी की किरणच्या वेळची आठवण झाली, नि तेव्हा निदान काहीतरी हाती आलं होतं. आयायायाय करत मी इथंच आडवी. नम्रता बॅग टाकून धावली. हिंग पाण्यात कालवून बेंबीवर लावला, ओवा चघळायला दिला, गरम पाण्याची पिशवी केली, माझं डोकं मांडीवर घेऊन पोट चोळत बसली, नि वर ओरडत होती, कुणी सांगितलं होतं एवढे खायला, वय काय तुमचं. आणि ताई, तेवढ्यात माझं पोट बोललं. साधंसुधं नाय, चांगलं लांबलचक, शेटजींच्या वरताण. मी लाजेनं मेले. तिनं ओठ दाबून धरले. मंग दुसऱ्यांदा झालं. आणि मंग ती हसायला लागली — टेंपोत राहिलेलं, त्याच्याही आधीचं राहिलेलं, सगळं हसली, डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर. एसटी गेल्याचा आवाज आमी दोघींनी ऐकला.

दुसऱ्या दिवशी बॅगेतल्या साड्या परत कपाटात. म्हणली, तुमाला असं टाकून जाता येणार नाय. तिला वाटतं मी अन्न वाया जाऊ नये म्हणून खाल्ले. वाटू दे.

आता बरं चाललंय. डॉक्टरीणबाईंनीच अल्मासकडनं निरोप दिला, गुळाचे कर, मी नेते, नि त्यांनी चार ठिकाणी सांगितलं. पावडरीचे पण करते नम्रता, कुणी मागितले तर, पण परातीला एखादा चमचा, आणि देताना बजावून देते, रोज एकच, पोट तक्रार करायला लागलं तर बंद. म्हणून म्हणलं, तो डबा निराळा हाय.

काय? किरण? तुमाला काय करायचंय किरणशी — बरं, विचारलंत तर सांगते. परवा फोन आला. त्या बाईशी बिनसलं वाटतं. घरी येतो म्हणला, कायमचा, नम्रताला समजाव म्हणला. मी म्हणलं, रं, तुझ्या खोलीत नाचणीची पोती रचलीत, हलवता येत नाय. तर म्हणतो, आई, मी तुझ्या पोटचा मुलगा ना? मी म्हणलं, बाबा, पोटाचं मला नको सांगूस, पोटानं काय काय दाखवलंय ते माझं मला ठाऊक. आणि ठेवला फोन.

नाय, तिला नाय सांगितलं. सांगायला पायजे, मला कळतं. नवरा तिचा, हो म्हणायचं का नाय ते तिनं ठरवायचं, मी कोण? पण तिनं हो म्हणलं तर? आणि तो परत गेला तर? मंग ती बॅग भरेल, आणि ह्या वेळी मी काय खाऊ, सांगा? रोज ठरवते, आज सांगते. सकाळी ती भाजायला बसते, गाणं गुणगुणते कसलंसं, आणि माझ्या घशातनं शब्द वर येत नाय. गिळते परत. पचत मात्र नाय.

थांबा. स्कुटी. ती आली. हे घ्या, गुळाचे, पिशवीत घालते, आणि उठा आता, जावा, गाडी उन्हात हाय तुमची. पुन्हा या. आणि हे बघा — वाटेत तिनं विचारलंच, एवढा वेळ सासूबाई काय सांगत होत्या, तर म्हणा, पोटाचं सांगत होत्या. पोटातलं नका सांगू.